घेणाऱ्याची सही

तीन सह्या होत्या आणि तिन्ही सारख्या होत्या. नुसत्या सारख्या नव्हेत. पहिलीतला शेवटचा फाटा जिथे कागदावरून उचलला होता तिथेच दुसरीतला उचलला होता, आणि तिथेच तिसरीतला. शनिवारची दुपार होती. मी ताटं घासून पालथी घातली होती, टेबल पुसून कोरडं केलं होतं आणि गाडीचे कागद मांडून बसलो होतो: नोंदणीचं पुस्तक, जुनी विम्याची पॉलिसी आणि मालकी बदलाचा अर्ज. अर्जावर विकणाऱ्याने तीन ठिकाणी सही केलेली होती, घेणाऱ्याच्या तीन जागा अजून कोऱ्या होत्या. खरं म्हणजे मी सह्या बघत नव्हतो. कुठे रकाना रिकामा राहिलाय का एवढंच बघत होतो, पण सवयीचा डोळा आपोआप जातो तिथे जातोच, आणि मी अर्ज उजेडात धरला. कारण माणूस स्वतःची सही दोनदा सारखी करत नाही. तो घाईत असतो, पेन अडतं, कोपर टेबलाच्या कडेवरून घसरतं, मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असतं. अगदी सारखी सही फक्त दुसऱ्याचीच करता येते.

हे मला कळतं, कारण सत्तावीस वर्षं मी हेच करत आलो आहे. निवृत्तीवेतनाच्या कार्यालयात, खिडकीपासून लांब आणि ट्यूबलाइटच्या बरोबर खाली माझं टेबल आहे. दर वर्षी प्रत्येक म्हाताऱ्याकडून आणि म्हातारीकडून एक दाखला येतो: मी जिवंत आहे. खाली सही. ती सही मी फाइलमधल्या जुन्या नमुन्याशी ताडून बघतो आणि दोनपैकी एक शिक्का मारतो. सही जुळते. सही जुळत नाही. जुळली नाही की घरी पत्र जातं, आणि आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी काठी टेकत जिना चढून येतं, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतं आणि दम खात पुन्हा सही करतं. कार्यालयात मला भिंग म्हणतात. बहुतेक जण पाठीमागे म्हणतात, पण मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही. एका मुलाने बाप गेल्यावर दोन वर्षं चालवलेली सही मी एका उकारावरून पकडली होती, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. थरथरत्या सह्यांचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. म्हातारपणी हात थरथरायचाच, त्याला मी काय करणार. वाईट वाटायला लागलं ते घरात एक हात थरथरायला लागला तेव्हा, आणि तेव्हाही कार्यालयात जाऊन शिक्का मी तोच मारत होतो.

तो हात माझ्या बायकोचा. तीस वर्षं तिने एका वास्तुरचनाकाराकडे घरांचे नकाशे काढले. पट्टी न घेता सरळ रेघ ओढायची आणि मग पट्टी लावून मलाच दाखवायची, बघा, आहे का कुठे वाकडी? तिच्या सहीखालीसुद्धा तशीच एक रेघ असायची, पेन न उचलता, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन वर्षांपूर्वी कपबशी वाजायला लागली. आधी मला वाटलं टेबल हलतंय, मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडीसुद्धा घातली. तिने घडी घालू दिली. मग डॉक्टर, मग गोळ्या, मग मोठे डॉक्टर. ते म्हणाले, हात आता फारसा सुधारायचा नाही, पण पाय वाचवता येतील. शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाचं केंद्र आहे, आठवड्यातून तीनदा न चुकता जायचं. खाडा झाला तर वर्षभरात चालणंही जाईल. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. दुसऱ्या बसची पायरी उंच. त्या पायरीवर ती एकदा पडली, आणि मागच्या माणसाने तिला उचलताना म्हटलं, सांभाळा आजी. ती चौपन्न वर्षांची आहे. त्या दिवशी घरी आल्यावर तिने साडी बदलली, गुडघ्याला औषध लावलं आणि सांगून टाकलं की आपण आता जाणार नाही.

म्हणून गाडी. तशी गाडी वीस वर्षांपूर्वीच यायची होती. तिला चालवता येत होती, मला नाही. तिच्या साहेबांच्या गाडीवर ती शिकली होती, परवानाही काढला होता. रंगसुद्धा तिने ठरवला होता. मी म्हणालो, थांबू या, आधी घराचं होऊ दे. मग म्हणालो, मुलीचं शिक्षण होऊ दे. मग मुलीचं लग्न. मी जन्मभर थांबू या म्हणत आलेला माणूस आहे, आणि माझ्यासारख्यांचं कुणी तोंडावर वाकडं बोलत नाही, उलट जबाबदार म्हणतात. आता छप्पन्नाव्या वर्षी मी शिकवणीच्या गाडीत बसलो, माझ्या मुलीच्या वयाच्या मास्तरणीची बोलणी खाल्ली, परीक्षेत दोनदा आपटलो आणि तिसऱ्यांदा सुटलो. आणि मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की गाडी घ्यायची ती तिच्याच नावावर. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. ज्या गाडीचं चाक तिला धरता येणार नव्हतं ती तिच्या नावावर करून मी काय फेडत होतो, हे तिला विचारावंसं वाटलं असेल.

गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती. छोटी, करड्या रंगाची, अकरा वर्षांची, पण आतून इतकी स्वच्छ की बसताना चपला काढाव्याशा वाटल्या. ते जोडपंच राहत होतं, मूलबाळ कुणी नव्हतं. सर वेताच्या खुर्चीत बसले होते, अंगावर परीटघडीचा सदरा. मला म्हणाले, या, बसा. पाणी घ्या. गाडी चांगली आहे. सगळं बोलणं जागच्या जागी. बाईंनी किल्ल्या दाखवल्या, दुरुस्तीच्या पावत्या दाखवल्या, अर्ज घेऊन सरांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, आणि थोड्या वेळाने सही झालेला अर्ज बाहेर आणला. शाई ओली होती, त्यांनी फुंकर घातली. आणि मी, सह्या बघून पोट भरणारा माणूस, त्या दिवशी टायर बघत होतो. विम्यावाल्याने मात्र फोनवर बजावलं होतं. म्हणाला, काका, जुना विमा अजून सात महिने चालू आहे, पण तो त्यांच्या नावावर. आधी मालकी तुमच्या मिसेसच्या नावावर करून घ्या, मग पॉलिसीवर नाव बदलू. मधल्या काळात कुणाला धक्का लागला तर कंपनी हात वर करते. कागदात एक जरी खोट निघाली ना, तरी हात वर करते. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. केंद्रावर पुन्हा जायची ठरलेली तारीख तेरा दिवसांवर आली होती आणि माझ्यासमोर खोटच खोट होती, तीन ठिकाणी.

रविवारी मी सरांच्या घरी गेलो. बायकोला म्हणालो, एक कागद राहिलाय. बाईंनी दार उघडलं आणि माझ्या हातातली फाइल बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना तेव्हाच कळलं असणार.

"बाई, या सह्या सरांच्या नाहीत," मी म्हणालो.

"त्यांनीच केल्यात."

"बाई, माझं कामच ते आहे."

त्यांनी आतलं दार लोटून घेतलं. सर आत रेडिओ ऐकत होते. बाई बराच वेळ हातातल्या फडक्याने टेबलाची एकच जागा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षं झाली. एका कागदावर सही करायला बसले, पहिलं अक्षर काढलं आणि थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, पुढे काय? मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टेखोर आहेत ना फार. मी हसलेसुद्धा." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "मग मीच शिकले. त्यांच्या जुन्या वह्यांवरून. रोज दुपारी गिरवायची."

"पण अंगठा चालतो. अंगठा द्यायचा होता. दोन साक्षीदार आणि डॉक्टरांचं पत्र, एवढंच तर लागतं."

"अंगठा नको हो, भाऊ." एवढं बोलताना पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "शाळा सुटली की संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे ते. हमाल, गवंडी, स्वयंपाकाच्या बाया. साठ-सत्तर जणांचा अंगठा सोडवला त्यांनी. फुकट. आणि त्यांनी आता अंगठा उठवायचा?" मग आवाज खाली आणून, मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "आणि कुठे काही अडलं नाही आजवर. त्या निवृत्तीवेतनाच्या कार्यालयात दर वर्षी दाखला जातो. कधी परत आला नाही."

मी कुठे काम करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही. चहा घेतला, बघतो म्हणालो आणि बाहेर पडलो. गाडी अजून त्यांच्याच दारात उभी होती. तिच्या काचेत मी माझं तोंड बघितलं आणि कुणीतरी त्यात फाडकन मारल्यासारखं मला वाटत होतं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी कार्यालयात पोचलो. फाइल काढली. चार वर्षांचे चार दाखले, चारहींवर निळा शिक्का, सही जुळते, आणि शिक्क्याच्या पोटात माझी आद्याक्षरं. भिंग घेऊन बसलो. पहिल्या वर्षीची सही भित्री होती, जागोजागी अडखळलेली, शिकाऊ. कुणीही पकडली असती. दुसऱ्या वर्षी हात बसला होता. तिसऱ्या वर्षी नमुन्यातली सही आणि ही यात मला आत्ता, माहीत असूनसुद्धा, फरक दाखवता आला नसता, आणि चौथ्या वर्षीची तर नमुन्यापेक्षा चांगली होती. सरांनी तरुणपणी घाईत केलेल्या सहीत जो फाटा अर्धवट राहिला होता तो बाईंनी पुरा केला होता. पहिल्या वर्षी मी काय करत होतो? कुठे होतं माझं लक्ष? त्या आठवड्यात मुलीचं लग्न होतं का? की मी तेव्हाही शिक्का नुसता उचलून मारत होतो, आणि मला पकडता येतं ही गोष्ट त्या एका उकारावर मी वीस वर्षं मिरवत आलो होतो? समोरून शिपाई चहा घेऊन आला, म्हणाला, काय भिंगसाहेब, आज एवढ्या सकाळी शिकार? आधी मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. त्या दिवशी मात्र अंगाची लाही झाली, आणि ती शिपायावर नव्हती, बाईंवर होती. सत्तरीची एक बाई दुपारचं जेवण उरकून वहीत सही गिरवत बसते आणि मला चार वर्षं बनवते. सर जिवंत होते, पैसे त्यांचेच होते, त्यात कुणाचं काही बुडालं नव्हतं. हे सगळं मला समजत होतं. पण दुखत होतं ते दुसरीकडेच.

मी तक्रार केली नाही. स्वतःला बजावून सांगितलं की हे मी त्यांच्यावर उपकार करतोय. फक्त गाडीचे कागद तेवढे स्वच्छ हवेत, बायकोचा प्रश्न आहे, विम्याचा प्रश्न आहे. सगळं खरं होतं, आणि त्याच खऱ्यामागे मी लपलो. मंगळवारी संध्याकाळी कार्यालयातलं शाईचं पॅड फाइलमध्ये घालून निघालो. अर्ज दोन कोरे घेतले होते, एक बिघडला तर असावा म्हणून. डॉक्टरांचं पत्र बाईंनी सकाळीच आणून ठेवलं होतं. फोनवर मी तसं सांगितलं होतं, जरा कडक आवाजात. पत्रात हात थरथरतो एवढंच लिहिलं होतं, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर अंगठाही चालला नसता. आपला अंगठा कशाला लागतोय हे ज्याला कळत नाही त्याचा अंगठा किती खरा, हा प्रश्न मला पडला होता. पण नियमात सही येत नसेल तर अंगठा असं होतं, आणि मला नियम हवा होता. एक साक्षीदार बाईच होत्या, दुसरे म्हणून वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले होते, ते उभ्याउभ्याच होते, सारखे घड्याळ बघत होते.

सर म्हणाले, "या, बसा. पाणी घ्या."

मी पॅड उघडून टेबलावर ठेवलं. सरांनी पॅडकडे बघितलं. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं एक हसू होतं, ते हळूहळू गेलं, आणि उजवा हात त्यांनी पाठीमागे नेला.

"मला लिहिता येतं," ते म्हणाले.

"येतं की सर. कोण म्हणतं नाही येत. नुसता एक ठसा हवाय."

"मला लिहिता येतं."

बाई म्हणाल्या, "पेन द्या हो त्यांना. एकदा द्या." मी दिलं. सर पुढे सरकले, अर्ज स्वतःकडे तिरका ओढला, वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस ओढतो तसा, डाव्या हाताने कागद दाबला आणि पहिलं अक्षर काढलं. असं अक्षर मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. जाड रेघ जिथे हवी तिथे जाड, बारीक तिथे बारीक. मग पेन थांबलं. ते बाईंकडे बघू लागले आणि बाईंनी मान खाली घातली. तेव्हा ते माझ्याकडे बघू लागले. वाट बघत होते. मला पुढचं अक्षर ठाऊक होतं. मला त्यांच्या सहीतला फाटान् फाटा पाठ होता. नुसतं तोंडाने म्हटलं असतं तर त्यांनी ते काढलं असतं, मग त्याच्या पुढचं विचारलं असतं, आणि दहा मिनिटांत सही झाली असती, वेडीवाकडी का होईना, त्यांची. कोणत्या नियमात लिहिलंय की पुढचं अक्षर सांगू नये? वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घसा खाकरला. मी तो अर्ज काढून घेतला, दुसरा कोरा ठेवला, आणि सरांनी पुन्हा पाठीमागे नेलेला हात पुढे आणला. हाताला जोर होता. अंगठा पॅडवर दाबताना तो माझ्या मुठीत एकदा वळला, मग सैल पडला. तीन ठिकाणी तीन ठसे. तिसऱ्या वेळी त्यांनी आपणहून पुढे केला, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

जाताना बाईंनी गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी म्हणालो, पुढच्या वर्षी दाखल्यालाही अंगठाच लावा बाई, परत येणार नाही, मी बघतो. आणि कुठे नोकरी करतो ते सांगितलं. का सांगितलं मला कळत नाही. त्यांनी हात जोडले.

घरी आलो तेव्हा बायको टेबलाशी बसली होती. मला न सांगता ती रोज सही घोटत होती हे मला ठाऊक होतं. जुन्या डायरीची पानं मी पाहिली होती. नाव कसंबसं येत होतं, पण खालची रेघ दर वेळी दातेरी होत होती, आणि काही पानांवर तर नाव सोडून नुसत्या रेघाच होत्या, एकाखाली एक, पान भरून. तिने अर्ज हातात घेतला. ठसे बघितले.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"सरांचा हात चालत नाही."

"माझा तरी कुठे चालतो?" मग म्हणाली, "मीही अंगठाच देते मग. आणलंय ना पॅड?"

"काहीतरी बोलू नकोस," मी ओरडलोच. तिच्यावर मी फारसा कधी ओरडलेलो नाही. तिने पेन घेतलं, टेकवायला गेली, आणि पेनचं टोक कागदापासून बोटभर वर थरथरत राहिलं. हा एकच अर्ज होता. तो बिघडला असता तर पुन्हा सरांच्या घरी जायचं, पुन्हा पॅड, पुन्हा तो हात पाठीमागून पुढे आणायचा. आणि नीट सही झाली असती तरी ती ओळखपत्रावरच्या सहीशी जुळली नसती. माझ्याच जातीचा कुणीतरी कारकून तिकडेही बसलेला असणार, तो तिला जिना चढायला लावणार. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. तिने दिलं. तीन जागा, तीन सह्या. मला बघून काढावीही लागली नाही. तीस वर्षं ती सही मी पाहत आलो होतो, मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर, गॅसच्या पावत्यांवर, माझ्या नावाच्या शेजारी. पेन न उचलता खालची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिली आणि दुसरी मी मुद्दाम थोडी वेगळी केली. ते मला येतं.

तिने वाकून बघितलं. "अगदी माझ्यासारखी आली," ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना काही. मग उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. वर तीन अंगठे, खाली तीन सह्या. दुसरीच्या नवऱ्याला दहा मिनिटं देता आली नाहीत, आणि माझ्या बायकोसाठी मी तेच केलं होतं जे बाईंनी चार वर्षं केलं. फक्त त्यांच्याइतकी मेहनत मला घ्यावी लागली नाही.

वाहन कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने अर्ज घेतला, पैसे भरल्याची पावती जोडलीय का बघितलं, फोटो चिकटवलाय का बघितलं, आणि शिक्का उचलला. मी म्हणालो, "विकणाऱ्याचा अंगठा आहे. साक्षीदार आहेत. डॉक्टरांचं पत्र मागे जोडलंय."

"असू दे."

"ओळखपत्राशी सही ताडून बघायची असेल तर..."

त्याने मान वर केली. माझ्याच वयाचा होता, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "अहो काका, दिवसाला दोनशे गाड्या येतात. कोण बघत बसलंय? चला, पुढचे." शिक्का पडला. पानं उलटलीही नाहीत. बाईंच्या त्या तीन सारख्या सह्या इथे चालल्या असत्या. हिची थरथरती सही चालली असती. सरांनी काढलेलं नुसतं पहिलं अक्षरसुद्धा चाललं असतं. मागचा माणूस मला कोपराने ढोसत होता म्हणून मी बाजूला झालो, आणि बाहेरच्या बाकावर बसून पाणी प्यायलो. आठवडाभरात पुस्तक तिच्या नावावर झालं. विम्याच्या कचेरीतल्या मुलीने ते बघून पॉलिसीवर नाव बदललं, नवीन कागद छापून दिला, अभिनंदन म्हणाली. कागदात कुठेही खोट नव्हती.

ठरल्या तारखेला आम्ही केंद्रावर गेलो. मी हळू चालवतो, मागचे भोंगे वाजवतात, ही म्हणते वाजवू दे. खाडा एकही झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाई मला म्हणाल्या की पायात फरक पडतोय, तुमच्या मिसेस त्या दारापासून या दारापर्यंत न धरता चालल्या. त्या दिवशी मी बाहेर गाडीत बसून तिची वाट बघत होतो आणि सरांच्या घरून फोन आला. माझ्या कार्यालयाचं ठाऊक झाल्यापासून बाई मला साहेब म्हणत होत्या.

"साहेब, एक विचारायचं होतं. शाई कशाने जाते?"

"कसली शाई?" मी म्हणालो. ठाऊक असून म्हणालो.

"अंगठ्याची. तशी गेलीय हो ती केव्हाच, मला तर काही दिसत नाही. पण ते धुतायत. सकाळी उठले की नळाखाली धरतात ते जेवायला बोलवेपर्यंत. पुन्हा दुपारी. कातडी निघालीय आता, रक्त येतं. मी म्हणते गेली, तर माझ्यासमोर अंगठा धरतात. ही काय, म्हणतात." त्यांनी श्वास घेतला. "बाकी सगळं विसरतात. मला कधीकधी विसरतात. हे कसं नाही विसरत? तुमच्याकडे रोजचं असतं ना हे, म्हणून म्हटलं तुम्हाला काही ठाऊक असेल."

"थोडं तेल लावून बघा," मी म्हणालो.

"तेल. बरं. लावते." मग म्हणाल्या, "गाडी चालते ना नीट?"

"चालते."

समोरचं दार उघडलं आणि ही बाहेर आली. तिने कठड्याला हात लावला नाही. मी बघतोय की नाही हे बघत एकेक पाऊल टाकत आली, दार उघडून माझ्या शेजारी बसली, धापा टाकत होती.

"कोणाचा फोन होता?"

"सरांच्या घरून. कागद झाले का विचारत होत्या."

"मग?"

"झाले म्हटलं. सगळं तुझ्या नावावर झालं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी किल्ली फिरवली, आरशात मागे बघितलं, आणि गाडी रस्त्यावर घेतली.